अकराव्या महिन्यातलं जावळ

अण्णा, भीती वाटली की हल्ली मी तुमच्याशी बोलायला लागते. तुम्ही होतात तेव्हा असं नव्हतं. तेव्हा भीती वाटली की मी आईच्या पदराआड जायची, कारण बहुतेक वेळा भीती तुमचीच असायची. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझंच डोकं तुमच्यापेक्षा पांढरं झालंय, आणि तरी गेला आठवडाभर गाडी चालवताना, भांडी घासताना, ऑफिसचा जिना चढताना माझं मनातल्या मनात सारखं ‘अण्णा, ऐका ना’ चाललेलं आहे. परवा नवरा म्हणाला, ‘कोणाशी बोलतेस?’ म्हटलं, ‘कोणाशी नाही, पोळी करपली.’ म्हणून आज ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून बसलेय आणि एकदाचं लिहून काढतेय.

माझी नोकरी तुम्हाला धड कधी सांगताच आली नाही. फोनवर एकदा म्हटलं होतं, ‘लहान मुलांसाठी काम करते,’ तर तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे माझंच काम की!’ आणि तुमची आश्रमशाळा, तुमची डोंगरातली पोरं, यांच्याबद्दल बोलत बसलात. माझं राहूनच गेलं. तर ऐका. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या मोठ्या सरोवरांच्या काठाने राहणारी माणसं आहेत, त्यांना आता नेटिव्ह म्हणतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला घरात ठेवणं धोक्याचं झालं, आई आजारी, बाप तुरुंगात, नाहीतर दारू, गोळ्या, असं काही, तर सरकार त्याला दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देतं. पण वाटेल तिथे नाही. आधी नातेवाईक बघायचे, मग त्याच्या जमातीतलं घर, मग दुसऱ्या एखाद्या जमातीचं, आणि कोणीच नसेल तरच बाकीचे, असा कायदा आहे. कारण यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं उचलून लांबच्या बोर्डिंग शाळांत नेली होती. नावं बदलली, भाषा बोललं की मार, आणि पहिल्याच दिवशी केस कापायचे. त्यामुळे मूल परक्या घरात असलं तरी त्याची नाळ तुटू नये हे बघायचं माझं काम. आजीचे फोन लावून देणं, त्यांच्या सणाला नेऊन आणणं, आणि सांभाळणाऱ्या घरांना शिकवणं की विचारल्याशिवाय मुलाच्या केसांना कात्री लावायची नाही. ट्रेनिंगमध्ये हे मी इतक्यांदा सांगते की माझी मुलगी मला चिडवायची, ‘आई, यू आर द हेअर पोलीस.’

आता काकू. नोव्हायमध्ये, म्हणजे आमच्याच गावात, मागच्या गल्लीत राहतात. नागपूरच्या. काका गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाले, मुलं कॅलिफोर्नियात, घर खायला उठतं. गणपतीच्या कार्यक्रमात मीच त्यांच्या मागे लागले की काकू, मुलं सांभाळायचं लायसन्स घ्या, कोणाची तरी पोरं तुमच्याकडे चार दिवस सुखाने राहतील. त्यांनी खरंच घेतलं. ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसायच्या, वही भरभरून लिहायच्या. आणि मग हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे एक नेटिव्ह बाळ आलं, ते का आलं ऐकलंत तर तुम्ही हसाल. इथल्या कायद्यात या मुलांना अजूनही ‘इंडियन’ म्हणतात. ड्युटीवर एक नवीन पोरगी होती. तिने यादीतून काकूंना फोन लावला आणि विचारलं, ‘तुमचं इंडियन होम आहे ना?’ काकू म्हणाल्या, ‘ऑफ कोर्स!’ झालं. संध्याकाळी बाळ दारात. मुलगी, दहा महिन्यांची, आणि डोक्यावर काळंभोर, दाट, कानावर येणारं जावळ. तिच्या आईला, अगदी कोवळी पोर हो ती, बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. शुद्धीवर आली आणि तिथून निघून गेली, ती कुठे गेली कोणालाच माहीत नाही.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसरं घर रिकामं नव्हतं. बाळाची आजी वर उत्तरेला राहते, तिने पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं की नात माझ्याकडे द्या, पण तिच्या घराची तपासणी व्हायची होती. तोवर राहू दे तिथेच, असं जमातीच्या ऑफिसनेही म्हटलं. मी काकूंना फोन केला. बिचाऱ्या घाबरल्या होत्या. मी अगदी मायेने म्हटलं, मराठीत, ‘काकू, मुळीच काळजी करू नका. आपलंच बाळ समजा.’

अण्णा, त्यांनी समजलं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे भेटीला गेले. दारातच तुपाचा वास. काकू आतून ओरडल्या, ‘ये ये, चांगल्या दिवशी आलीस, शिरा घे.’ बाळ गालिच्यावर बसलेलं, कपाळाला कुंकवाचं बोट, हातात लाकडी चमचा. आणि डोकं तुळतुळीत. नुसतं तुळतुळीत. मी शूज काढता काढता तशीच भिंतीला टेकले.

‘काकू, हे काय केलंत?’

‘काय केलं म्हणजे? अगं, अकरावा लागला ना तिला. विषम महिना. वर्षाच्या आत नको का काढायला?’

‘केस कापायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं मी! ट्रेनिंगमध्ये! तुम्ही लिहूनही घेतलं होतं!’

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि म्हणाल्या, ‘हेअरकट करायचा नाही हे मला माहीत आहे की. मी कुठे हेअरकट केला? जावळ काढलं.’

 बाईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. ट्रेनिंग इंग्रजीत झालं होतं आणि जावळ मराठीत होतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. मामा पाहिजे म्हणून काकांच्या जुन्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा बोलावला होता. त्याने बाळाला मांडीवर घेतलं, काकूंनी ओवाळलं, काकांनी स्वतःच्या ट्रिमरने हळूहळू काढलं. ‘रडली पण नाही गं,’ काका कोपऱ्यातून म्हणाले, ‘हसत होती.’  मी खाली बसले तर बाळ रांगत आलं आणि माझ्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. ते गोल, गुळगुळीत डोकं माझ्या हाताला लागलं. असं डोकं मी या आधी पाहिलं होतं.

जूनमध्ये तुमची आश्रमशाळा उघडायची तो दिवस. आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर मी बसलेली आहे, दोन वेण्या, लाल रिबिनी. डोंगरावरून आयाबाप पोरांना घेऊन उतरतायत, कोणी दोन दिवस चालत आलंय. चिंचेखाली न्हावी मशीन घेऊन बसलाय आणि तुम्ही शेजारी उभे, हातात उवांच्या पावडरचा डबा. मुलगे झाले की मुली. एकेक पोर खाली मान घालून बसतं आणि उठतं ते वेगळंच कोणीतरी होऊन उठतं. स्वयंपाकघरातून आमटीच्या फोडणीचा ठसका येतोय. मी नाक मुरडून म्हटलं, ‘शी, उवा!’ आणि तुम्ही असे वळलात माझ्याकडे! ‘शी काय? आपलीच पोरं आहेत ती.’ आठवडाभर मला त्यांच्या पंगतीला बसवलंत, मातीवर. मला आवडलं होतं ते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपले अण्णा सगळ्यांचे अण्णा आहेत असं वाटून मी पोरींना फुशारकीने सांगायची. तुम्ही त्यांना चांगलं जेवायला घातलंत, ताप आला की रात्र रात्र उशाशी बसलात, एकाही पोरावर हात उचलला नाहीत. हे सगळं मी इथे कोणाला सांगायला गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, आणि केस? मग मी काय सांगितलं असतं?

पण तेव्हा तुमचा विचार करायला वेळ नव्हता. आजीची पहिली भेट चार दिवसांवर आली होती. आमच्या ऑफिसातली खोली, एक सोफा, थोडी खेळणी, आणि कोपऱ्यात काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारची, एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसते. भेटीत काय झालं ते ती लिहिते, आणि ते कोर्टात जातं. माझा जीव टांगणीला लागला होता तो यासाठी. ही बाई बर्फातून एवढ्या लांबून गाडी चालवत येणार, बाळाची टोपी काढणार, आणि नातीचं डोकं बघणार. ती ओरडेल. ओरडायलाच पाहिजे, मी असते तर खोली डोक्यावर घेतली असती. आणि कोपऱ्यातली पोरगी टाइप करेल की आजीचा स्वतःवर ताबा नाही, बाळासमोर आरडाओरडा केला. मी अशी वाक्यं वाचलेली आहेत, अण्णा. राग अगदी रास्त असतो आणि तो कागदावर गेला की माणूस धोकादायक दिसायला लागतो. एका शिऱ्याच्या वासाच्या घरातून, एका प्रेमाच्या ट्रिमरने, या बाईची नात कायमची जाऊ शकत होती.

माझी बॉस म्हणाली, आजींना आधी फोन करून सांग. बरोबर होतं तिचं. मी जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं, पाणी प्यायले, परत पाणी प्यायले. आजी हळू बोलतात. प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, आणि त्या थांबण्यात मला नेहमी मधे बोलावंसं वाटतं. मी ठरवलं होतं की आधी कारण सांगायचं नाही, सफाई द्यायची नाही, सरळ झालेली गोष्ट सांगायची. तसंच केलं. म्हटलं, ‘तुम्ही शुक्रवारी येण्याआधी एक सांगायचं आहे. बाळाचे केस काढलेत. सगळे.’

पलीकडे टीव्ही चालू होता मागे, तो कोणीतरी बंद केला. मग आजींनी विचारलं, ‘कोण गेलं?’

मला कळलंच नाही. म्हटलं, ‘अं?’

‘कोण गेलं? माझी मुलगी का?’

अण्णा, मी इतकी वर्षं लोकांना शिकवते की यांच्या घरांतून केस केव्हा कापतात. घरातलं माणूस गेलं की. स्वतः शिकवते! आणि माझ्या डोक्यात फक्त राग होता, त्या रागावतील, त्या ओरडतील, कागदावर काय जाईल. त्या घाबरतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मुलीचा पत्ता नाही, रोज फोनची वाट बघतेय, आणि सरकारी ऑफिसातून एक बाई फोन करून सांगते की तुझ्या नातीचे केस काढले. तिला वाटलं, या लोकांची सांगायची हीच रीत असेल.

‘नाही नाही,’ मी म्हटलं, ‘कोणी नाही गेलं, कोणी नाही.’

‘तुला कसं माहीत?’ आजींनी विचारलं.

 मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘तुमच्या मुलीबद्दल आम्हाला काहीही कळलेलं नाही, बरं नाही, वाईट नाही. केसांचं कारण वेगळं आहे.’ आणि मग सांगितलं सगळं, काकू, विषम महिना, मामाची मांडी, आमच्यात बाळाचे पहिले केस प्रेमाने काढतात ते.  त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘केस कुठे आहेत?’

 ते मी विचारलंच नव्हतं. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते आणि आज बुधवार. मी काकूंना फोन लावला, त्या उचलेनात, परत लावला, उचलेनात, कोट अडकवून गाडीत बसले तर त्यांचाच फोन. ‘बाळाला अंघोळ घालत होते गं, काय झालं?’

‘काकू, जावळ कुठे टाकलंत?’

‘टाकलं? टाकीन कशी?’ काकू एकदम नागपूरच्या झाल्या. ‘जावळ कोणी कचऱ्यात टाकतं का बाप्पा? नदीत सोडतात. नदी गोठलीय ना. रुमालात बांधून देवाजवळ ठेवलंय.’

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. पार्किंगमध्ये, भर दुपारी. पलीकडून काकू आपल्या ‘हॅलो? हॅलो?’ करत होत्या.

शुक्रवारी आजी आल्या. उंच बाई, पांढरी वेणी पाठीवर, बूट बर्फाने भिजलेले. काकू बाळाला घेऊन आधीच बसल्या होत्या, विणलेली टोपी घातलेली, आणि स्वतः चांगली साडी नेसून, त्यावर जॅकेट. आजी आत आल्याबरोबर काकू उठल्या आणि काही कळायच्या आत खाली वाकल्या, पायाला हात लावायला. कोपऱ्यातल्या मुलीची बोटं थांबली. आजींनी काकूंना दंडाला धरून उभं केलं. काकूंनी रुमालाची पुरचुंडी पुढे केली, नुसतं ‘आय थॉट… आय थॉट…’ करत राहिल्या. आजींनी पुरचुंडी घेतली, उघडली नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

‘मला राग आलेला आहे,’ आजी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. काकूंकडे बघून म्हणाल्या, आणि मग एकदा कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडे बघितलं. ‘मी घरी जाऊन रागावणार आहे. इथे नाही.’

अण्णा, ज्याला मी एवढी घाबरले होते ना, ते त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. कुठल्या खोलीत रागावायचं नसतं हे त्यांच्या घरात लहानपणीच शिकवत असतील. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटून काय करायचं हेही कळत नव्हतं. मी खेळणी सारखी करत बसले.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळ आधी रडवेलं झालं, मग वेणीचं टोक सापडलं आणि गप्प झालं. आजींनी टोपी काढली. पूर्ण तळवा त्या डोक्यावर ठेवला आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. खूप वेळ बोलल्या. तेच तेच परत सांगत होत्या असं वाटत होतं, चाल तीच यायची. बाळ टक लावून तोंडाकडे बघत होतं. काकू भिंतीशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. काउंटीची मुलगी तशी चांगली आहे, नवीन आहे, तिने अवघडून विचारलं, ‘सॉरी, मला लिहावं लागतं. तुम्ही तिला काय सांगितलंत?’

आजींनी हात काढला नाही. म्हणाल्या, ‘कोणी गेलेलं नाही, असं सांगितलं. असं डोकं झाल्यावर तिला वाटणार की कोणीतरी गेलं. तिला कोणीतरी सांगायला नको?’

मुलीने ते लिहिलं. आजींच्या लेकीचा अजून फोन आलेला नव्हता. तो आजही आलेला नाही. पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख आहे, काका-काकूही यायचं म्हणतायत, आणि बाळ आजीकडे जाईल असं सगळे म्हणतात, पण सगळे म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. 

मला तुम्हाला एकच विचारायचं होतं, म्हणून हे सगळं लिहीत बसले. चिंचेखालून उठून ती पोरं तुमच्याकडे बघत उभी राहायची ना, काहीतरी बोलायची तुमच्याशी, तुम्हाला न येणाऱ्या त्यांच्या भाषेत. आणि तुम्ही हसून त्यांच्या डोक्यावर थोपटायचात आणि ‘जा, जेवायला बसा’ म्हणायचात. ती काय विचारत होती, अण्णा? त्यांना कोणी सांगितलं होतं का, की घरी कोणी गेलेलं नाही म्हणून?

तुम्ही असतात तरी हे मी तुम्हाला विचारलं नसतं. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत माझ्याशी. तुम्ही खरं सांगितलं असतंत, त्याचीच मला भीती आहे.